खाडाखोड की कंस?

अमेरिकेत १९४० च्या आसपास वसलेल्या एखाद्या वसाहतीचा मूळ दस्त वाचायला घेतला, तर सुरुवातीला त्यात काहीच खटकत नाही. टाइपरायटरवर टंकलेली ओळीने कलमं. घर रस्त्यापासून अमुक फूट मागे असावं. बांधकामाचा खर्च अमुक डॉलरांच्या खाली नसावा. कुंपणाची उंची इतकी. आवारात डुकरं, कोंबड्या पाळू नयेत. आणि याच रांगेत, त्याच टाइपात, आणखी एक कलम येतं: गोऱ्या वंशाखेरीज अन्य कोणत्याही वंशाच्या माणसाने या जागेचा वापर करू नये, येथे राहू नये, मात्र मालकाकडे राहून काम करणाऱ्या घरगड्यांना ही अट लागू नाही.

या कलमाचा उत्तरार्ध मला पूर्वार्धाहून भयंकर वाटतो. शेजारी म्हणून जो चालत नाही तो स्वयंपाकघरात चालतो, आणि ही सोय राहून जाऊ नये म्हणून ती वकिलाकडून लिहून घेतली जाते.

अशी कलमं फक्त दक्षिणेत नव्हती. उत्तरेतल्या आणि पश्चिम किनाऱ्यावरच्या शहरांत ती सर्रास होती. कुठे नुसतं ‘गोऱ्यांखेरीज’, कुठे नावानिशी यादी: निग्रो, मंगोलियन, मलय, ज्यू. पश्चिमेकडच्या काही दस्तांत ‘हिंदू’ हाही एक वंश म्हणून येतो. त्या काळी तिकडे हिंदुस्थानातून आलेला कुणीही, मग तो शीख असो की मुसलमान, ‘हिंदू’च होता. १९४८ पासून ही कलमं कोर्टात चालत नाहीत आणि १९६८ पासून ती बेकायदा आहेत. तरीही काउंटीच्या दप्तरात ती पडून आहेत, आणि घर विकलं की बाकीच्या कागदांबरोबर पुढच्या मालकाच्या हाती जातात. गेल्या काही वर्षांत कॅलिफोर्निया, वॉशिंग्टन, मिनेसोटा या राज्यांनी ती हटवण्यासाठी कायदे केले. कलमं वाईट होती याबद्दल वाद नाही. वाद आहे तो त्यांचं आता काय करायचं याबद्दल.

तो वाद इथे मामा आणि भाचीच्या तोंडून मांडला आहे. भाची कॅलिफोर्नियातल्या सांता क्लारा काउंटीत राहते, संगणकाच्या क्षेत्रात आहे, आणि तिने नवऱ्याबरोबर जुन्या वसाहतीतलं एक घर घेतलं आहे. मामा महाराष्ट्रातल्या भूमी अभिलेख खात्यातून निवृत्त झालेले, भाचीकडे मुक्कामाला आलेले. मध्ये मध्ये मी बोलेन.

भाची: मामा, अर्ज भरून झालाय, एकदा नजर घाला. काउंटीच्या रेकॉर्डरकडे, म्हणजे दस्त नोंदणीच्या कचेरीत, द्यायचाय. आमच्या वसाहतीच्या दस्तातलं हे कलम त्यांनी झाकून टाकावं, एवढंच मागणं आहे.

मामा: बघतो. पण आधी मला सांग, नोंदलेल्या दस्तावर शाई फिरवायचा अधिकार कुणी कुणाला दिला? आमच्याकडे नोंदीत खाडाखोड करणाऱ्या तलाठ्याची चौकशी लागते. दस्त एकदा नोंदला की नंतर त्याला कुणी हात लावायचा नाही. चूक असेल तर चूकदुरुस्तीपत्र कर, ते वेगळं नोंदव. पहिला दस्त जिथे आहे तिथेच राहतो.

भाची: अधिकार कायद्याने दिलाय. कॅलिफोर्नियाने २०२१ साली असेंब्ली बिल १४६६ मंजूर केलं. २०२२ च्या जुलैपासून प्रत्येक काउंटीने आपल्या दप्तरातली अशी कलमं स्वतः होऊन शोधायची आणि झाकायची. मालक अर्ज करेल म्हणून वाट बघत बसायचं नाही. आमच्या काउंटीत स्टॅनफर्ड विद्यापीठाच्या लोकांनी हे काम एआयकडून करून घेतलं. १९०२ ते १९८० मधली ५२ लाख पानं तपासली. त्यातून साडेसात हजारांच्या आसपास कलमं निघाली. १९५० साली या काउंटीतल्या दर चार घरांमागे एका घरावर अशी अट होती, असा त्यांचा अंदाज आहे. आणि यातली साधारण एक तृतीयांश कलमं फक्त दहा बिल्डरांनी घातलेली.

मामा: दहाच?

भाची: दहाच. लेआउट मंजूर झाला की एकदा दस्त नोंदवायचा, त्यातले सगळे प्लॉट बांधले गेले. पुढे कितीही वेळा घर विकलं गेलं तरी अट जमिनीबरोबर चालत राहायची.

मामा: राहायची, म्हणजे आता राहत नाही. १९४८ पासून ती कोर्टात चालत नाही. मग जे कलम चालतच नाही त्याच्यासाठी एवढा खटाटोप कशाला?

भाची: ते कसं बंद पडलं ते ऐका, म्हणजे ‘चालत नाही’ याचा अर्थ कळेल. सेंट लुईसला लॅबडी ॲव्हेन्यू नावाचा रस्ता आहे. १९११ साली तिथल्या ३९ मालकांपैकी ३० जणांनी मिळून करार केला की पन्नास वर्षं इथे निग्रो किंवा मंगोलियन वंशाचं कुणी राहणार नाही. १९४५ मध्ये शेली नावाच्या कृष्णवर्णीय जोडप्याने तिथे घर घेतलं. मिसिसिपीतून आलेलं, सहा मुलांचं कुटुंब. या कराराची त्यांना गंधवार्ता नव्हती. त्या करारात मोडणाऱ्या दुसऱ्या जागेचे मालक असलेल्या क्रेमर कुटुंबाने दावा लावला. मिसुरी राज्याच्या वरिष्ठ न्यायालयाने शेलींच्या विरुद्ध निकाल दिला.

मामा: पैसे मोजून, खरेदीखत करून घेतलेलं घर.

भाची: हो. मग प्रकरण देशाच्या सर्वोच्च न्यायालयात गेलं. ३ मे १९४८ ला निकाल लागला. सहा न्यायमूर्तींनी एकमताने दिला. बाकीचे तिघे सुनावणीतून बाजूला झाले होते. का, ते त्यांनी लिहून ठेवलं नाही, पण ते स्वतःच असल्या अटींच्या घरांत राहत असावेत असा तर्क तेव्हापासून केला जातो. आता निकाल काय, तो बघा. खाजगी माणसांनी आपसांत असा करार करणं घटनाविरोधी नाही, पण कोर्टाने तो अंमलात आणला तर ते सरकारचं कृत्य होतं, आणि त्याला कायद्याच्या समान संरक्षणाची हमी देणारी चौदावी घटनादुरुस्ती आडवी येते. म्हणजे अट लिहायला बंदी झाली नाही. लोक लिहीत राहिले, दलाल पाळत राहिले. १९५७ मध्ये विली मेज, बेसबॉलमधल्या त्या काळच्या सगळ्यात मोठ्या खेळाडूंपैकी एक, सॅन फ्रान्सिस्कोत घर घ्यायला आला तर शेजाऱ्यांच्या तक्रारींमुळे मालक मागे सरला. गावभर बोभाटा झाला तेव्हा कुठे व्यवहार झाला. १९६३ मध्ये कॅलिफोर्नियाच्या विधिमंडळाने घर विकताना-देताना भेदभाव करू नये असा कायदा केला. पुढच्याच वर्षी मतदारांनी सार्वमत घेऊन तो पाडला. साधारण तीनातल्या दोघांनी पाडायच्या बाजूने मत दिलं. सर्वोच्च न्यायालयाने १९६७ मध्ये ते सार्वमत घटनाबाह्य ठरवलं. आणि १९६८ च्या एप्रिलमध्ये मार्टिन ल्यूथर किंग यांची हत्या झाली, तेव्हा आठवड्याच्या आत देशाचा फेअर हाउसिंग ॲक्ट आला. वीस वर्षं लागली मामा, ‘चालत नाही’पासून ‘बेकायदा आहे’पर्यंत.

मामा: मला एक कळत नाही. एवढं खाजगी करारातून का करावं लागलं? सरकारच त्यांचं होतं की.

भाची: आधी सरकारातूनच केलं. लुईव्हिलसारख्या शहरांनी कायदे केले की काळ्यांनी या गल्लीत राहायचं, गोऱ्यांनी त्या. १९१७ साली सर्वोच्च न्यायालयाने ते कायदे रद्द केले. मग पळवाट निघाली खरेदीखताची. १९२६ मध्ये न्यायालयाने तिच्याकडे काणाडोळा केला. आणि १९३४ नंतर तर सरकारच मागच्या दाराने परत आलं. गृहकर्जाला हमी देणारी फेडरल हाउसिंग ॲडमिनिस्ट्रेशन निघाली, आणि तिच्या मूल्यांकनाच्या पुस्तिकेत वंशाची अट असलेली वसाहत जास्त सुरक्षित मानायची शिफारस होती. कर्ज हवं तर अट घाला, असा बिल्डरला सरळ इशारा.

मामा: १९१७ म्हणालीस?

भाची: हो, का?

मामा: त्याच साली बाबासाहेब परदेशातलं शिक्षण अर्धवट थांबवून परतले आणि बडोद्याच्या नोकरीवर रुजू झाले. कोलंबिया विद्यापीठात शिकलेला माणूस, महाराजांचा अधिकारी, आणि शहरात राहायला खोली मिळेना. शेवटी एका पारशी धर्मशाळेत पारशी नाव सांगून राहिले. कळलं तेव्हा लोक काठ्या घेऊन आले, जागा सोड म्हणाले. त्यांनी हे स्वतः लिहून ठेवलंय. आता तू मला सांग, बडोद्याच्या कुठल्या दस्तात ही अट नोंदलेली होती? कुठल्याच नाही. लिहायची गरजच नव्हती, सगळ्यांना तोंडपाठ होती. ज्याला हाकललं त्याच्या हातात लेखणी होती म्हणून आज आपल्याकडे पुरावा आहे. ज्यांच्या हातात नव्हती अशा लाखोंचं काय? त्यांचा पुरावा दाखव मला.

भाची: नाही दाखवता येणार.

मामा: आणि इथे? इथे ज्यांनी अन्याय केला त्यांनीच तो स्वतःच्या सहीने लिहिला, नोंदणी फी भरली, सरकारदरबारी जमा केला. तारीख आहे, क्रमांक आहे, प्लॉटची हद्द आहे. असा पुरावा कुठल्या पीडिताला मिळतो, पोरी? आणि तू म्हणतेस झाका.

मामांचा हा मुद्दा मला या सगळ्या वादातला सगळ्यात वजनदार वाटतो, आणि तो नुसता भावनेचा नाही. मिनेसोटा विद्यापीठात २०१६ साली ‘मॅपिंग प्रेज्युडिस’ नावाचा प्रकल्प सुरू झाला. त्यात विद्यापीठातल्या लोकांनी आणि गावातल्या स्वयंसेवकांनी मिनिआपोलिसचे जुने दस्त एकेक करून वाचले आणि प्रत्येक अट नकाशावर ठेवली. शहरात हजारोंनी सापडल्या. तिथली पहिली १९१० ची, आणि तिच्यात चिनी, जपानी, मूर, तुर्क, निग्रो, मंगोलियन, आफ्रिकन अशी यादीच आहे. हा नकाशा हाती आला म्हणून अर्थतज्ज्ञांना मोजता आलं की अट असलेल्या घरांची किंमत आजही, इतक्या वर्षांनी, अट नसलेल्या तशाच घरांपेक्षा साधारण १५ टक्क्यांनी जास्त आहे. कुणी शंभर वर्षांपूर्वीच सद्हेतूने ती कलमं खोडून टाकली असती, तर हा आकडा कुणालाच काढता आला नसता.

पण भाचीचं बोलणं अजून संपलेलं नव्हतं.

भाची: मामा, एक विचारू? राग मानू नका. मग गावाकडच्या घराचा पत्ता तुम्ही का बदलून घेतलात?

मामा: तो विषय वेगळा.

भाची: कसा वेगळा? आजोबांच्या पोस्टकार्डावर आपल्या वस्तीचं नाव जातीचं होतं. आईच्या शाळेच्या दाखल्यावर तेच. २०२० च्या डिसेंबरात राज्याच्या मंत्रिमंडळाने ठरवलं की गावोगावच्या वस्त्यांची, रस्त्यांची जातीवाचक नावं बदलायची. तुम्ही निवृत्त झालेले, शहरात राहणारे. तरी गावी जाऊन ठरावासाठी घरोघर फिरलात. तेव्हा नाही म्हणालात, नोंद ही नोंद असते.

मामा: (बराच वेळ थांबून) नाही म्हणालो. कारण पत्ता ही रोजची गोष्ट आहे. पोराने बँकेत खातं काढलं की लिहायचा. नोकरीच्या अर्जावर लिहायचा. पार्सल घेऊन येणारा पोऱ्या मोठ्याने वाचणार. जे आपण मागितलं नाही ते दरवेळी आपल्याच हाताने लिहायचं, ही शिक्षा आहे. ती का भोगायची?

भाची: मग माझं ऐका. या घराच्या खरेदीखतात एक वाक्य आहे, इथल्या बहुतेक खरेदीखतांत असतं: नोंदीतल्या सर्व अटी आणि निर्बंधांच्या अधीन राहून ही मिळकत घेत आहे. खाली माझी सही. त्या निर्बंधांत हे कलम येतं. कायद्याने ते शून्य आहे, कबूल. दस्ताच्या नकलेवर पहिल्याच पानावर ठळक अक्षरांत सूचना असते की वंशभेदाची कुठलीही अट रद्दबातल समजावी. पण सही मी केलीय, कलम माझ्या कागदांत आहे, आणि उद्या घर विकलं तर घेणाऱ्याला, कदाचित एखाद्या कृष्णवर्णीय कुटुंबाला, तेच वाचून तशीच सही करावी लागेल. तुम्हाला जे पोराच्या फॉर्मवर नको होतं, ते मला माझ्या दस्तात नकोय.

मामा: (चष्मा काढून ठेवत) हं. इथे तू मला पकडलंस.

भाची: पकडायचं नव्हतं.

मामा: नाही, बरोबर आहे तुझं. पण तरी खोडू नको म्हणतो. आमच्या सातबाऱ्यावर काय करतात सांगतो. खातेदार वारला, किंवा त्याने जमीन विकली, की त्याच्या नावाला कंस करतात. नाव वाचता येतं, पण हक्क संपलेला असतो. आणि शेजारी फेरफार क्रमांक असतो, म्हणजे कशाने संपला तेही शोधता येतं. मला या कलमाला कंस हवा आहे. कुणी, कधी, कुठल्या कायद्याने तो केला, हे शेजारी लिहिलेलं हवं.

भाची: मिनेसोटाने २०१९ मध्ये जवळपास तेच केलं. मालकाने एक कागद नोंदवायचा की माझ्या मिळकतीवरची ही अट मी सोडून देतो आहे. जुना दस्त जागेवर, नवा त्याच्या पुढे. वॉशिंग्टन राज्यात याच प्रश्नावर खटला झाला. स्पोकेनच्या एका घरमालकाला नुसता जोडकागद नको होता, कलम दप्तरातूनच जायला हवं होतं. २०२२ मध्ये राज्याच्या सर्वोच्च न्यायालयाने सुवर्णमध्य काढला. मालकी हक्काच्या साखळीतून कलम बाहेर, पण मूळ दस्ताची प्रत इतिहास म्हणून वेगळी जपायची. आणि कॅलिफोर्नियातही झाकायचं म्हणजे जाळायचं नाही. न झाकलेली मूळ प्रत सांभाळून ठेवणं काउंटीवर कायद्यानेच बंधनकारक आहे.

मामा: सांभाळून ठेवणं आणि दाखवणं यात फरक असतो. मी रेकॉर्ड रूममध्ये काम केलंय. ‘दप्तर सुरक्षित आहे’ असं लेखी उत्तर मिळतं आणि नक्कल काही मिळत नाही. तुमची ती मूळ प्रत कुणी मागितली तर हातात पडेल का? शाळेतल्या मुलांना बघायला मिळेल? आपला बाप ज्या गल्लीत घर घेऊ शकला नाही तिचा कागद म्हणून कुणाला पुढे करता येईल?

भाची: तसं व्हायला हवं, हे मी मान्य करते. मिनिआपोलिसचा नकाशा कुणालाही बघता येतो, तसा प्रत्येक काउंटीचा हवा.

इथे दोघांचं जमलं असं वाटेल. पण खरं अवघड बोलणं यानंतर झालं, आणि ते कलमापेक्षा पैशाबद्दल होतं.

मामा: मिनिआपोलिसचा तो १५ टक्क्यांचा आकडा डोक्यातून जात नाही. अट घालून गोऱ्यांनी घरं घेतली, सरकारने कर्जं दिली, घरांच्या किमती वाढल्या, त्या घरांवर पोरं शिकली, वारसाहक्काने पुढच्यांना मिळालं. ज्याला येऊ दिलं नाही तो भाड्याच्या घरात राहिला. आता तू कलम झाकलंस. त्याला काय मिळालं?

भाची: काही नाही. मिनेसोटात आजही गोऱ्या कुटुंबांपैकी पाऊणशे टक्क्यांचं स्वतःचं घर आहे आणि कृष्णवर्णीयांत हे प्रमाण त्याच्या निम्मंही नाही. कलम झाकून त्यातला एक टक्काही हलणार नाही. वॉशिंग्टन राज्याने मात्र दोन्ही गोष्टी एकत्र बांधल्या. २०२३ मध्ये कायदा केला की यापुढे मिळकतीचा दस्त नोंदवताना १०० डॉलर जादा भरायचे. त्या पैशांतून पहिलं घर घेणाऱ्यांना सुरुवातीची रक्कम उभी करायला मदत मिळते. पण कुणाला? जो स्वतः किंवा ज्याचे आईवडील, आजीआजोबा, पणजोबा १९६८ च्या एप्रिलपूर्वी त्या राज्यात राहत होते, आणि जे या अटींनी बाहेर ठेवलेल्या समाजातले आहेत. २०२४ च्या जुलैपासून ती योजना सुरू आहे. कृष्णवर्णीय, हिस्पॅनिक, मूळनिवासी, कोरियन… आणि भारतीयही त्या यादीत आहेत.

मामा: आपणही?

भाची: यादीत भारतीय आहेत, पण आपल्यासारखे नाहीत. १९६५ चा इमिग्रेशन कायदा झाल्यावर आपल्या लोकांचा लोंढा आला. आधीचे होते ते मूठभर, बहुतेक पंजाबी. त्यांनी सोसलं. १९२३ मध्ये भगतसिंग थिंद यांच्या खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने सांगितलं की हिंदुस्थानी माणूस गोरा नाही, म्हणून नागरिक होऊ शकत नाही. बर्कलीत त्याच्याही आधी, १९१५ च्या सुमारास, बगई कुटुंब घर घेऊन सामान घेऊन आलं, तर शेजाऱ्यांनी घराला कुलूप ठोकलेलं. तीन लहान मुलं बरोबर. कला बगई म्हणाल्या, इथे राहायचं नाही. ते तिथूनच माघारी फिरले. थिंदच्या निकालानंतर वैष्णो दास बगईंचं नागरिकत्व काढून घेतलं गेलं, आणि १९२८ मध्ये त्यांनी जीव दिला. आज बर्कलीत कला बगई यांच्या नावाचा रस्ता आहे.

मामा: म्हणजे कलम तुलाही बाहेर ठेवणारं होतं.

भाची: हो, मी १९४५ मध्ये आले असते तर.

मामा: पण तू आलीस नंतर. बाहेर ठेवण्याविरुद्धची लढाई दुसऱ्यांनी लढली होती. आणि घर घेतलंस ते अट असलेल्या वसाहतीत. मिनिआपोलिसचा आकडा इथे लागू होतो की नाही मला माहीत नाही. पण समज लागू होत असेल, तर तुझ्या घराची जी जास्तीची किंमत आहे तिच्यात त्या अटीचा वाटा आहे. कलम झाकलंस तर तो वाटा झाकला जाईल. संपणार नाही.

भाची: … हे मी कधी असं बघितलं नव्हतं.

मामा: म्हणून म्हणतो, अर्ज दे. जरूर दे. पण त्यानंतर तुझ्या नगरपालिकेत स्वस्त घरांची इमारत मंजूर होण्याची वेळ येईल, तेव्हा ‘आमच्या वसाहतीचं रूप बिघडेल’ म्हणून सह्या गोळा करणाऱ्यांत तुझं नाव दिसू नये. ती सह्यांची यादी म्हणजे याच कलमाची आजची आवृत्ती आहे.

भाची: नाही दिसणार. आणि मामा, आपल्याकडचं? तुम्हाला माहीत असेल, २००५ साली आपल्या सर्वोच्च न्यायालयात अहमदाबादच्या झोरोॲस्ट्रियन गृहनिर्माण संस्थेचं प्रकरण आलं. सभासद फक्त पारशी, आणि घर विकायचं तर पारशालाच, असा उपविधी. न्यायालयाने तो वैध ठरवला. शेलींच्या निकालानंतर ५७ वर्षांनी.

मामा: माहीत आहे. तो लिहिलेला तरी होता. बाकीच्या ठिकाणी उपविधी स्वच्छ असतो. भाड्याने घर बघायला जा, आडनाव विचारतात, घरात मांसमच्छी शिजते का विचारतात, आणि मग ‘खोली कालच गेली’ म्हणतात. त्याला कंस कुठे करायचा?

मामांच्या या शेवटच्या प्रश्नाला माझ्याकडेही उत्तर नाही. पण अमेरिकेतल्या या वादात मी कुठे उभा राहीन ते मला स्पष्ट आहे. जे कलम खरेदी करणाऱ्याला वाचून सही करावी लागते, ते मालकी हक्काच्या साखळीतून गेलंच पाहिजे. त्यात कुणाचा इतिहास बुडत नाही. पण जी काउंटी मूळ प्रत जपते आणि कुणाला दाखवत नाही, तिने अर्धंच काम केलं. आणि जे राज्य कलम झाकतं, पण त्या कलमाने ज्यांची घरं हिरावली त्यांच्या वारसांसाठी एक डॉलरही काढत नाही, त्याने स्वस्तातला भाग तेवढा उरकला. वॉशिंग्टनचा कायदा परिपूर्ण नाही, त्याला कोर्टात आव्हानही मिळालं आहे, तरी आजवर पुढे आलेल्या मार्गांत मला तोच सगळ्यात प्रामाणिक वाटतो. कारण त्याने भेदभावाचा हिशेब जिथे लिहिला गेला त्याच ठिकाणी, दस्त नोंदणीच्या खिडकीवर, वसुली बसवली.

कॅलिफोर्नियात घर असलेल्या मराठी वाचकांना एक विनंती. घर घेताना मिळालेला प्रिलिमिनरी टायटल रिपोर्ट काढून बघा. त्यात वसाहतीच्या अटींच्या नोंदीसमोर दस्त क्रमांक किंवा जुन्या पुस्तकाचा आणि पानाचा क्रमांक असतो. तो दस्त मागवा आणि डुकरं-कोंबड्यांच्या कलमापर्यंत नव्हे, शेवटपर्यंत वाचा. वंशाची अट सापडली तर आधी त्याची एक नक्कल स्वतःजवळ ठेवा, मुलांना दाखवा, आणि मग रेकॉर्डरकडे दुरुस्तीचा अर्ज करा. तो नोंदवायला शुल्क पडत नाही.